गुणवंतांचा सत्कार झाला, पुढे काय?



दहावी-बारावीचे निकाल लागून महिना-दीड महिना झाला की आपल्या खामगावात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक समाजाचा आपापला, शिवाय पतसंस्थांचे, क्लासवाल्यांचे, नगरसेवकांचे वेगळे. आपल्या समाजाचाही असतो. अर्जासोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडायची, ८० टक्क्यांच्या वर असेल तर नाव यादीत. मग भाषणे, गुलाबाचे फूल, सन्मानचिन्ह, आणि चांदीच्या गावात राहतो म्हणून कोणा दानशूराकडून चांदीचे नाणे. मुले नाणे खिशात टाकतात, सन्मानचिन्ह टीव्हीच्या बाजूला जाते, आणि पुढच्या वर्षी नवी मुले येतात.

यंदाच्या नियोजनाच्या बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी सूचना केली, की नुसते टक्के काय बघायचे, समाजसेवा करणाऱ्या मुलांनाही एक पुरस्कार देऊ. नावही त्यांनी ठरवून आणले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटीने नको म्हटले. त्यानंतर तीन-चार जणींचे फोन आले, की तू तर नेहमी सेवेबद्दल बोलतेस आणि तूच कशी आडवी आलीस. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमच्या घरात हा विषय गेली दोन वर्षे चालूच आहे. माझी पुतणी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत आहे, म्हणजे सगळे ज्याला एनएसएस म्हणतात त्यात. तिने नाव नोंदवले तेव्हा भाऊजी म्हणाले, "तुला मार्क चांगले आहेत, तुला त्या दहा मार्कांची काय गरज?" मुंबई विद्यापीठात एनएसएस पूर्ण करणाऱ्याला १० गुणांची सवलत मिळते, ते त्यांनी कुठेतरी ऐकलेले. त्यांचा प्रश्न वाईट नव्हता. बहुतेक घरांत हाच प्रश्न विचारला जातो, कारण एनएसएस म्हणजे ज्यांना गुण कमी पडतात त्यांची सोय, असा समज पक्का आहे. हुशार मुलांनी क्लास करावा, बाकीच्यांनी गाव झाडावे.

ही योजना निघाली कशी, ते थोडे बघू. त्यात आपल्या एका मराठी माणसाचा वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे सुचवले होते. पुढे १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर ते हेच. या समितीने शिफारस केली, की शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने सेवा करावी. एक वर्ष! आज नीटची तयारी करणाऱ्या मुलाच्या आईला हे सांगून बघा. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी वेगवेगळ्या देशांत काय चालते ते पाहून १९६० मध्ये अहवाल दिला, की सेवा स्वेच्छेचीच असावी. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन योजना सुरू झाली. आज ती संख्या कितीतरी लाखांत गेली आहे. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचे चाक आहे आणि ब्रीदवाक्य आहे 'नॉट मी बट यू'. मी नाही, तुम्ही.

नियम असा, की दोन वर्षांत २४० तास सेवा करायची, म्हणजे वर्षाला १२०, आणि एकदा सात दिवसांचे निवासी शिबिर दत्तक गावात करायचे. १२० तास ऐकायला फार वाटतात, पण आठवड्याला सव्वादोन-अडीच तासच होतात. एखादी मालिका आठवड्यात याहून जास्त वेळ खाते. आणि महत्त्वाचे म्हणजे प्रवेशाला टक्क्यांची अट नाही. नापास होऊन पुन्हा बसलेला आणि वर्गात पहिला आलेला, दोघांच्या हातात एकच घमेले येते. मला या योजनेतली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

आता जरा लांबचे सांगते. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्या मुलीची निवड शाळेच्या नॅशनल ऑनर सोसायटीत झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. काळोख्या सभागृहात मुले मेणबत्त्या घेऊन उभी, गळ्यात पट्टा. मी नणंदेला विचारून विचारून सगळे समजून घेतले. १९२१ साली अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या संघटनेने ही संस्था काढली. पहिली शाखा पिट्सबर्गमधल्या एका शाळेत निघाली. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य असे चार खांब मानतात. पण आत शिरायचे दार पहिल्या खांबातूनच आहे. आपल्या हिशेबाने साधारण ८५ टक्क्यांच्या खाली असाल तर पुढचे तीन खांब कोणी बघत नाही. काही शाळा ही रेषा आणखी वर ठेवतात. त्यानंतर शिक्षकांची पाच जणांची समिती निवड करते.

म्हणजे तिकडे चांगले गुण असतील तर सेवेच्या मंडळात घेतात, आणि आपल्याकडे सेवा केली तर गुण देतात. दोन्हीकडे गुणांना सेवेशी बांधलेच आहे, फक्त दोरीची टोके उलटी. तिकडची अट मला पटत नाही. ज्या मुलीला गणितात ५० गुण पडतात ती आजारी माणसाजवळ बसायला कमी लायक आहे, हे कोणी ठरवले? पण तिकडची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. निवड झाली म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक शाखेला दरवर्षी सेवेचा प्रकल्प करावाच लागतो, मुलांना तास भरावे लागतात, आणि भरले नाहीत किंवा अभ्यासात-वागण्यात घसरले तर सदस्यत्व जाऊ शकते. भाची दर शनिवारी फूड बँकेत डबे लावायला जाते. मेणबत्तीचा फोटो जूनचा, आणि डबे पुढे वर्षभर.

आपल्या सत्कारात हेच नाही. आपण नाणे देतो आणि विसरतो.

आता काकांच्या पुरस्काराला माझा विरोध का, ते सांगते. सेवेला पुरस्कार ठेवला की सेवा कोणासाठी करायची ते बदलते. पुरस्कारासाठी अर्ज हवा, अर्जाला पुरावा हवा, पुराव्याला फोटो हवा. आणि फोटोत झाड लावणारा दिसतो, झाड दिसत नाही. नात्यातल्या एका मुलाने मला सांगितले, की त्यांच्या शिबिरात गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत यंदा पुन्हा रोपे लावली, कारण खड्डे तयार होते. कॉलेजचे नाव लिहित नाही, आणि असे एकाच ठिकाणी होते असेही नाही. ज्याचे काम केले त्याला काही विचारायचेच नसेल, तर हे होणारच.

पुतणीच्या शिबिराचे उदाहरण त्याहून बोलके आहे, आणि त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. मुलांनी तीन दिवस घाम गाळून नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची आणि प्रवाहात रचायची. काम चोख झाले. पण शिबिर होते जानेवारीत, आणि आपल्याकडचे नाले दिवाळीनंतर आटायला लागतात. कोरड्या नाल्यात बंधारा उभा राहिला. गावातला एक म्हातारा शेतकरी बांधावर बसून बघत होता, शेवटी म्हणाला, "पोरी, दसऱ्याले याले पाह्यजे होतं." शिबिराची तारीख कॉलेजच्या परीक्षा बघून ठरते. नाल्याला कोणी विचारत नाही, त्या म्हाताऱ्यालाही नाही. मुलीला मात्र तिच्या वहीत तितकेच तास मिळाले. त्याच शिबिरात खोदलेले शोषखड्डे मात्र उपयोगी पडले, कारण ते सरपंचबाईंनी मागितले होते. कुठल्या घराचे सांडपाणी रस्त्यावर येते ते त्यांना ठाऊक होते.

याउलट आपल्याच जिल्ह्यात २०१८ साली भारतीय जैन संघटनेने तलावांतला गाळ काढायचे काम घेतले होते, ते बघा. यंत्रे बाहेरून आली, पण गाळ आपापल्या ट्रॅक्टरने शेतकऱ्यांनीच उचलून शेतात नेला. ज्याला गाळ नको असेल तो ट्रॅक्टर घेऊन येत नाही. काम उपयोगाचे आहे का, याची परीक्षा तिथेच होऊन जाते. सत्काराच्या मंचावर ती होत नाही.

शेगाव आपल्यापासून अर्ध्या तासावर. गजानन महाराज संस्थानात पंगत वाढणारे, चपला सांभाळणारे, फरशी पुसणारे सेवेकरी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यातला कोण शेतकरी, कोण नोकरदार, कपड्यांवरून कळत नाही. गावोगावहून पाळीने येतात, मोबदला घेत नाहीत, आणि पाळी यावी म्हणून वाट बघतात. संस्थान आपले नव्हे, पंथ वेगळा, पण शिस्त शिकायला पंथ आडवा येत नाही. आणि आपली कॉलेजे ज्या अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला नाव संत गाडगेबाबांचे. पुतणीच्या प्रमाणपत्रावर हे नाव येईल. बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. झाडण्याची पावती त्यांनी कोणाकडे मागितली नाही.

आपल्या धर्मातही याचा विचार बारकाईने झाला आहे. सहा बाह्य तपे आणि सहा आभ्यंतर तपे आपण पाठशाळेत पाठ केली. उपवास बाह्य तपात येतो. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आभ्यंतर तपात. मूळ विचार साधूंच्या सेवेचा आहे हे खरे, पण ज्यांची सेवा करावी असे दहा जण तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत आचार्य आणि तपस्वी यांच्याबरोबर नव्याने शिकणारा शैक्ष आहे आणि आजारी असलेला ग्लानही आहे. गृहस्थाने हे दोन शब्द घरी आणले तर पुरे.

आणि इथे बायकांनी बोलायलाच हवे असे एक आहे. आठ उपवास केले की मिरवणूक निघते, बँड वाजतो, पारण्याला माहेरची माणसे येतात. निघावी, माझी तक्रार नाही. पण अर्धांगवायू झालेल्या सासूचे दोन-दोन वर्षे अंथरुणात करणारी सून मला या गावात किमान चार घरांत माहीत आहे. तिची मिरवणूक कोणी काढत नाही, आणि काढली तर ती लाजेने मरेल. त्या घरांतल्या मुलींचेही तसेच. एक मुलगी आजोबांना इन्सुलिन देऊन, जेवण भरवून कॉलेजला जाते. तिला सात दिवसांच्या शिबिराला जाताच येत नाही. तिच्या वहीत शून्य तास. उद्या सेवेचा पुरस्कार निघाला तर तो कोणाला मिळेल? ज्याच्या घरी आजोबांना बघायला दुसरे कोणी आहे, त्याला.

मग घरातली सेवाही मोजावी का? माझ्या मैत्रिणीचे म्हणणे, मोजावी. मला ते पटत नाही. मोजायला लागलो तर मुलींच्या वह्या घरातच भरतील, बाहेर जायचे कारण राहणार नाही, आणि मुलगे बाहेर जाऊन फोटो काढतील. त्यापेक्षा अशा मुलीला बाहेरच्या तासांची सूट द्यावी, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तिच्या आजोबांजवळ बसायला दुसऱ्या कोणाला पाठवावे. शक्यतो मुलाला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला म्हाताऱ्या माणसाचे जेवण भरवता आले तर पुढे त्याच्या बायकोचे आयुष्य सोपे होईल, हा माझा स्वार्थी हिशेब.

तेव्हा माझे म्हणणे असे. पुरस्कार वाढवू नका. टक्क्यांचा सत्कार होऊ द्या, मुलांनी मेहनत केली आहे. पण नाणे देताना त्याबरोबर एक काम द्या. शेतमजूर हंगामाआधी उचल घेतो आणि मग ती कामाने फेडतो, तसे. समाजाने टाळ्या वाजवल्या, आता वर्षभरात ४० तास फेड. ज्यांना ८० टक्के नाहीत त्यांनाही कामाच्या यादीत नाव देता येईल, तिथे रेषा नको. आणि तासांच्या वहीवर सही अध्यक्षांची नको, ज्याचे काम केले त्याची हवी. सही येत नसेल तर अंगठा.

काम कुठले, असे बैठकीत विचारले गेले. हुशार मुलांच्या हुशारीचा उपयोग होईल असे एक काम सांगते. दृष्टिहीन मुलांना, किंवा हाताने लिहू न शकणाऱ्यांना, परीक्षेत लेखनिक लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षार्थीने लेखनिक स्वतः आणला तर तो एक पायरी खाली शिकणारा असावा, असे म्हटले होते. म्हणजे यंदा दहावीसाठी नाणे घेणारा मुलगा आता अकरावीत असेल, तो फेब्रुवारीत बारावीच्या मुलाचा पेपर लिहायला बसू शकतो. बोर्डाचे अर्ज आणि मुदती शाळेत आधी विचारून घ्याव्या लागतात, ऐन वेळी होत नाही. वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. चार तास दुसऱ्याने सांगितलेले जसेच्या तसे लिहायचे. उत्तर चुकतेय हे समजत असताना गप्प बसून चुकीचे लिहायचे. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलासाठी यापेक्षा अवघड तप मला तरी माहीत नाही. आणि हे एका दिवसात जमत नाही, आधी महिनाभर एकत्र सराव करावा लागतो, एकमेकांचा वेग कळावा लागतो. शिबिराचे सात दिवस आणि हे, यांत फार फरक आहे.

बाकीची कामे साधी आहेत. एकट्या राहणाऱ्या आजीला सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढून देणे. बँकेत पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला सोबत जाणे. पाठशाळेतल्या लहानांचा गणिताचा अभ्यास घेणे, आणि फक्त आपल्याच समाजाच्या लहानांचा नव्हे. नाहीतर सेवा आपल्यातून आपल्यातच फिरत राहील.

अभ्यासाचा प्रश्न मात्र खरा आहे. अकरावीत मुले अकोल्याला क्लासला जातात, काही कोट्याला. जी गाव सोडून गेली त्यांना तिथे जमेल ते करू द्या, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत इथे फेडू द्या. जमणारच नसेल तर नाही जमणार. देशमुख समितीसारखी सक्ती मला नको आहे, सैयदैन यांचेच बरोबर होते. सक्तीने आलेला मुलगा आजीच्या घरी बसून मोबाईल बघेल, आणि आजी बिचारी त्यालाच चहा करून देईल.

आणखी एक प्रश्न मला आयांकडून हमखास येतो. एनएसएसच्या शिबिरात खाण्याचे कसे? रात्री नऊला जेवण, भाजीत बटाटा-कांदा. आम्ही काय केले ते सांगते. पुतणीने दशम्या, खाकरे आणि मेथीचे सुके लाडू नेले, आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकाच्या गटात नाव दिले. शिबिरात मुलेच पाळीने स्वयंपाक करतात. वरण-भात आणि तिच्यापुरती साधी भाजी पाचच्या आत वेगळी काढून घ्यायची, मग बाकीच्यांच्या भाजीला फोडणी. दोन दिवसांनी आणखी दोन मुली तिच्याबरोबर लवकर जेवायला लागल्या, धर्मासाठी नव्हे, भूक लागायची म्हणून. खाण्याच्या भीतीने मुलीला घरी ठेवू नका.

सत्काराच्या अर्जाचा नमुना येत्या रविवारी छापायला जाणार आहे. त्यात एक रकाना वाढवायचा, "वर्षभरात कोणते काम कराल", एवढे समितीने तत्त्वतः मान्य केले आहे. काकांचा पुरस्कार यंदापुरता मागे पडला. काका थोडे नाराज आहेत, पण कामांची यादी करायला त्यांनीच माणसे सुचवली. मंदिराच्या ऑफिसात निळ्या पुठ्ठ्याची एक वही ठेवली आहे. ज्यांना मदत हवी त्यांची नावे आधी त्यात यायला हवीत. तुमच्या गल्लीत कोणाला लेखनिक हवा असेल, कोणाला दवाखान्यात न्यायला माणूस नसेल, तर त्यांना विचारून नाव लिहा. आतापर्यंत सात नावे आली आहेत, त्यातली दोन दुसऱ्या समाजातली आहेत.